बिनभावाचा माल

समुद्रकिनारा साफ करण्याच्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग वेचणं संपल्यावर सुरू होतो. गोळा झालेलं सगळं ताडपत्रीवर ओतायचं, प्रकारवार ढीग लावायचे, एकेका ढिगाचं वजन करून वहीत उतरवायचं. फोटो निघतात ते वाकून वेचतानाचे. ढीग लागेपर्यंत निम्मी मंडळी नाश्त्याला गेलेली असतात. पण या कामाने मला जे काही शिकवलं ते ताडपत्रीपाशीच. वर्षानुवर्षं ढीग पाहिल्यावर ध्यानात येतं की लाटेबरोबर काय येतं यापेक्षा काय येत नाही हे जास्त बोलकं आहे. तांब्याची तार येत नाही. पितळेचा तुकडा येत नाही. ॲल्युमिनियमचा डबा क्वचित. प्लास्टिकमध्येही तोच निवाडा: जाड कॅन, ड्रम, बादल्या, मोडक्या खुर्च्या अगदी थोड्या. ढीग उंचावतात ते वेफर्सच्या पाकिटांचे, शाम्पूच्या आणि गुटख्याच्या पुड्यांचे, कानकाड्यांचे, थर्माकोलच्या चुऱ्याचे, पातळ पिशव्यांच्या चिंध्यांचे, जोडी हरवलेल्या चपलांचे आणि दोरीच्या गुंत्यांचे. दादर असो, वर्सोवा असो की माहीमची खाडी, यादी फारशी बदलत नाही. आणि ही यादी भंगारवाल्यापुढे धरली तर तो एकाच वाक्यात निकाल लावेल: यातलं काही चालत नाही. मला म्हणायचं आहे ते एवढंच. आपण टाकतो ते सगळं समुद्रात जात नाही. आपण टाकलेल्यापैकी जे कुणी विकत घेत नाही, ते प्रामुख्याने जातं. समुद्र हे भंगारबाजाराने नाकारलेल्या मालाचं शेवटचं गिऱ्हाईक आहे.

हे पटायला भंगाराचा धंदा थोडा समजून घ्यावा लागतो. पुण्यातल्या कचरावेचकांनी 1993 मध्ये आपली संघटना बांधली तेव्हा तिला नाव दिलं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. हे नाव म्हणजे त्या काळचं दरपत्रकच आहे: कागदाला भाव, काचेला भाव, पत्र्याला भाव. पुढे त्यात प्लास्टिक आलं, पण सगळं नाही. पाण्याची बाटली आली, दुधाची पिशवी आली, तेलाचा कॅन आला. कारण धारावीच्या तेरा कंपाऊंडसारख्या ठिकाणी हे प्रकार वेगळे काढता येतात, धुऊन, तुकडे करून, वितळवून त्यांचा दाणा करता येतो आणि त्या दाण्याला कारखानदार गिऱ्हाईक मिळतं. वेचणाऱ्या बाईचा हिशोब मात्र याहून साधा आहे. एकदा वाकलं की हातात किती ग्रॅम आलं? छोट्या पाकिटाचं वजन दोन-तीन ग्रॅम. किलो भरायला चारशे-पाचशे वेळा वाकायचं, आणि तो किलोही कुणी घेणार नाही. बाटलीसाठी ती गटारात हात घालेल, पाकिटाकडे ढुंकून पाहणार नाही. यात अज्ञान नाही की आळसही नाही. पाठीवर ओझं वाहून चार पैसे मिळवणाऱ्या माणसाचं ते चोख अर्थशास्त्र आहे, आणि शहराच्या कचऱ्याचं खरं वर्गीकरण तेच करतं. नगरपालिकेच्या हिरव्या-निळ्या डब्यांच्या कितीतरी आधीपासून.

पाकिटाला भाव का नाही, याचं उत्तर त्याच्या घडणीत आहे. वरून एक वाटणारा तो चंदेरी कागद खरं तर तीन-चार थरांचा असतो: बाहेर छपाईसाठी पॉलिएस्टर, मध्ये हवा आणि उजेड अडवायला ॲल्युमिनियमचा पातळ थर, आत उष्णतेने चिकटणारं पॉलिथिलीन. प्रत्येक थर आपलं काम उत्तम करतो. म्हणूनच वेफर महिनोन्‌महिने कुरकुरीत राहतो आणि कोकणातल्या दमट हवेतल्या टपरीवरही विकता येतो. पण हे थर परत सुटे करणं इतकं खर्चिक आहे की निघणाऱ्या मालातून तो खर्च भरून येत नाही. पुडीची कल्पना तर आपल्याकडचीच. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांना तिचं श्रेय दिलं जातं: जी वस्तू श्रीमंत बाटलीभर घेतो ती मजुराला एका अंघोळीपुरती का मिळू नये? विचार उदार होता, यात शंका नाही. मात्र त्या हिशोबात पुडीचा जन्म धरला होता, मरण धरलं नव्हतं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने 2015 पर्यंत माणसाने सुमारे 830 कोटी टन प्लास्टिक बनवलं असं मांडलं. त्यातून जो कचरा झाला त्यातला जेमतेम 9 टक्के पुन्हा वापरात आला, 12 टक्के जाळला गेला, उरलेला 79 टक्के जमिनीत, पाण्यात, उघड्यावर पडून आहे. हा 9 टक्क्यांचा आकडा लोक निराशेने सांगतात. मला तो जगाच्या भंगारबाजाराची पावती वाटतो: इतकंच विकत घेण्याजोगं बनवलं होतं.

आता हा नाकारलेला माल समुद्रापर्यंत जातो कसा, हेही नीट पाहू. ट्रकने नेऊन कुणी ओतत नाही. नाल्यात, रेल्वेरुळांच्या कडेला, वस्तीमागच्या उतारावर तो आठ महिने साचतो. जूनमध्ये पहिले दोन-तीन मोठे पाऊस पडले की एकदम सुटतो. विहार आणि पवई तलावांच्या ओसंडीपासून निघणारी मिठी जेमतेम 18 किलोमीटरची. जगाच्या नकाशावर तिला नदी म्हणायला कुणी धजावणार नाही. ओशिवरा, पोईसर, दहिसर त्याहूनही किरकोळ. पण 2021 मधल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की नद्यांवाटे समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी 80 टक्के हजाराहून अधिक नद्यांतून जातं आणि त्यात दाट वस्तीतून वाहणाऱ्या छोट्या नद्यांचा वाटा मोठा आहे. आधी समज होता की दहा-वीस महानद्या अडवल्या की काम झालं. या कामात मुरलेल्यांना मुंबईपुरतं तरी नव्या निष्कर्षाचं नवल वाटलं नाही. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं, म्हणून पिशवी, झाकण, दोरी तरंगत दूर जाते. बाटलीचं प्लास्टिक पाण्याहून जड, झाकण लावलेलं असेल तोवर आतल्या हवेवर तरंगतं, मग तळाला. म्हणजे किनाऱ्यावर दिसतो तो तरंगणारा हिस्सा, तोही पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्याने परत ढकललेला. उधाणाच्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून लाट कचरा रस्त्यावर फेकते तेव्हा ‘समुद्राने परत केलं’ असे मथळे छापतात. परत केलं ते थोडंसंच. बाकीचं खाडीच्या चिखलात आणि तिवरांच्या मुळांत रुतलेलं असतं.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप ठरलेला, आणि तो आपल्या मध्यमवर्गाचा फार लाडका: आपल्या लोकांना शिस्तच नाही, भाव-बिव काय घेऊन बसलात! पण हेच बेशिस्त लोक वर्तमानपत्रांची रद्दी घडी घालून, सुतळीने बांधून, पोटमाळ्यावर महिनोन्‌महिने जपतात. दुधाच्या पिशव्या धुऊन खिडकीत वाळत घालणारी घरं महाराष्ट्रात काही कमी नाहीत. जुन्या कपड्यांवर नवं भांडं देणाऱ्या बोहारणीशी तास-तास घासाघीस करणारं हे राष्ट्र आहे. शिस्त नाही असं नाही. शिस्त भावाच्या मागे चालते. भाव म्हणजे केवळ पैसाही नव्हे. निर्माल्याचं उदाहरण घ्या. देवाला वाहिलेलं फूल कुणी घरच्या कचऱ्यात टाकत नाही, कारण त्याला मान आहे. ते वाहत्या पाण्यात सोडायचं. पण ज्या पिशवीतून ते नेलं तिला मान नाही, म्हणून ती फुलासकट पाण्यात. गणपतीच्या दिवसांत निर्माल्य कलश ठेवल्यावर लोक मुकाट त्यात टाकू लागले, ते काही पर्यावरणाचं व्याख्यान ऐकून नव्हे. मान राखून टाकायला जागा मिळाली म्हणून. शिस्तीचा मुद्दा मी पूर्ण फेटाळत नाही. गाडीची काच खाली करून पाकीट भिरकावणाऱ्याला माझ्या लेखी माफी नाही. पण त्याने ते पाकीट घरी नेऊन डब्यात टाकलं असतं तरी त्याची पुढची वाट देवनारसारख्या कचराभूमीचीच होती, आणि 1927 पासून कचरा पोटात घेणारं देवनारचं मैदान ठाण्याच्या खाडीच्या काठावरच आहे.

दुसरा आक्षेप बंदीवाल्यांचा, आणि तो जास्त गंभीर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या नाल्यांतून पातळ पिशव्यांचे बोळे निघाले. त्यातूनच महाराष्ट्रात 50 मायक्रॉनखालच्या पिशव्यांवर बंदी आली, 2006 मध्ये अविघटनशील कचऱ्याचा कायदा झाला. 23 मार्च 2018 ची अधिसूचना त्याहून पुष्कळ पुढे गेली: पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या, वाट्या, चमचे बंद, पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये, दुसऱ्याला 10,000, तिसऱ्याला 25,000 रुपये आणि तीन महिने कैद. केंद्राने 1 जुलै 2022 पासून कानकाड्या, स्ट्रॉ, काटे-चमचे अशी एकदा वापरून फेकायच्या वस्तूंची यादीच बंद केली. मी या बंद्यांच्या बाजूचा आहे, कारण ज्याला भाव देताच येत नाही ते न बनवणं हाच त्यावरचा शहाणा उपाय. पण बंदीने कुणाला धरलं आणि कुणाला सोडलं तेही पाहायला हवं. कारखान्यातच मालाला लागणारं वेष्टन 2018 च्या बंदीतून वगळलं होतं. म्हणजे भाजीवाली पिशवी देताना सापडली तर 5,000 रुपये, आणि त्याच टपरीवर टांगलेली पाकिटांची आणि पुड्यांची माळ बिनगुन्ह्याची. 2022 च्या केंद्रीय यादीतही बहुथरी पाकिटाला जागा मिळाली नाही. ताडपत्रीवरच्या ढिगांत मग पिशव्यांचा ढीग कधी खाली येतो, कधी वर जातो, पाकिटांचा मात्र इमानाने वाढतो. बंदी हातगाडीपर्यंत पोचली, कारखान्याच्या दारापर्यंत नाही.

मग किनारा साफ करणं फुकट आहे का? हा प्रश्न या कामातल्यांना टोचतो, म्हणून सावधपणे बोलतो. ऑक्टोबर 2015 मध्ये अफरोज शाह यांनी वर्सोव्याला सुरुवात केली तेव्हा तिथे वाळू दिसत नव्हती, कचऱ्यावरून चालावं लागे. आठवड्यामागून आठवडे शेकडो माणसं राबली, संयुक्त राष्ट्रांनी 2016 मध्ये त्यांना गौरवलं, आणि मार्च 2018 मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. याला फुकट म्हणायची माझी छाती नाही. शिवाय ऊन, खारं पाणी आणि लाटा यांच्या तडाख्यात एका पिशवीचे हजार कण होण्याआधी ती उचलणं हे केव्हाही चांगलं. कण झाल्यावर तिला ना चाळणी अडवते ना माणूस. पण याच वर्सोव्याने दुसरंही शिकवलं: हात थांबले की पुढच्या पावसाळ्यात किनारा पुन्हा भरतो. नाल्यांच्या मुखाशी टाकलेले तरंगते अडथळे, उदंचन केंद्रांच्या जाळ्या, या सगळ्यांची गत तीच. नळ वाहता ठेवून फरशी पुसणाऱ्याची फरशी काही क्षण खरोखरच कोरडी असते. तेवढ्यावरून पुसण्याला नावं ठेवू नयेत आणि नळाकडे डोळेझाकही करू नये.

नळ कुठे आहे हे कळलं की तो फिरवण्याचे मार्ग तसे जुनेच आहेत. काचेच्या बाटलीतला सोडा पिणाऱ्या पिढीला अनामत हा शब्द समजावून सांगावा लागत नाही: बाटली परत, पैसे परत. जर्मनीने 2003 मध्ये एकदा वापरायच्या बाटल्या आणि डब्यांनाही हा नियम लावला, आज एका बाटलीमागे 25 सेंट ठेवून घेतात आणि जवळपास सगळ्या बाटल्या परत येतात. ‘ते जर्मन, आपण आपण’ असं म्हणणाऱ्यांसाठी जवळचे दाखले आहेत. केदारनाथच्या वाटेवर 2022 पासून पाण्याच्या बाटलीवर 10 रुपये अनामत घेऊ लागले. त्याच वर्षी निलगिरीत न्यायालयाच्या आदेशावरून सरकारी दारूच्या दुकानांनी रिकाम्या बाटलीला 10 रुपये द्यायला सुरुवात केली, आणि जंगलात फुटून हत्तींच्या पायात रुतणाऱ्या बाटल्या दुकानात परत येऊ लागल्या. पिणाऱ्याला शिस्त लागली असं म्हणायला मी तयार नाही. दहा रुपये लागले. महाराष्ट्राने तर 2018 च्या अधिसूचनेतच दुधाच्या पिशवीवर किमान 50 पैसे परतावा छापायची अट घातली होती. विचार अगदी योग्य होता, पण गावोगावच्या दूधकेंद्रांवर तो रुजलाच नाही. पिशव्या गोळा कुणी करायच्या, ठेवायच्या कुठे, पैसे कुणी द्यायचे यावरून तो रेंगाळत राहिला. अनामतीची योजना हुकमाने चालत नाही, तिला दुकानाच्या मागच्या बाजूला चार फूट जागा लागते. हे वाक्य कुठल्याच अधिसूचनेत नसतं.

इथे तिसरा आक्षेप येतो आणि तो खराच अडचणीचा आहे. बाटलीवर अनामत ठीक. पाच रुपयांच्या पाकिटावर काय ठेवणार? एक रुपया ठेवला तर वीस टक्के, आणि तो भरणार कोण, तर पुडीवर जगणारा गरीबच. माझं उत्तर असं की जिथे अनामत बसत नाही तिथे घडणच बदलायला हवी. तीन थरांऐवजी एकाच जातीच्या प्लास्टिकचं वेष्टन बनवता येतं. ते भंगारात विकलं जाऊ शकतं. त्यात वेफर सहा महिन्यांऐवजी तीन महिने टिकेल. टिको. लांबच्या कारखान्यात पाकीटबंद होऊन हजार किलोमीटर फिरण्यापेक्षा तो जवळच तळला गेला तर गरिबाचं नुकसान होणार नाही. आणि गरिबाच्या नावाने पुडीचं समर्थन करणाऱ्यांनी हेही सांगावं की शाम्पू सुटा का विकला जात नाही; खोबरेल तेल आणि घासलेट पिढ्यान्‌पिढ्या मापाने विकलं गेलंच की. उत्पादकांची जबाबदारी ठरवणारे नियम 2016 पासून आहेत, फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांना टक्केवारीची लक्ष्यं आली: 2022-23 मध्ये 70, त्यापुढच्या वर्षी 100 टक्के. कागदावर हा नळ फिरवण्याचाच प्रयत्न आहे. पण हिशोब टनांत होतो आणि प्रमाणपत्रं विकत मिळतात. तेव्हा कंपनी आपला टन जिथे स्वस्तात हाती लागेल तिथून उचलते, पाणंदीतल्या आणि नाल्याकाठच्या दोन ग्रॅमच्या पाकिटापर्यंत जायचं तिला कारण नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत 2023 मध्ये काही लाख बनावट प्रमाणपत्रं निघाली. बिनभावाच्या मालाला भाव देण्याऐवजी त्याच्या कागदाला भाव दिला की दुसरं काय होणार?

भाव द्या म्हटलं की काही सहृदय माणसं विचारतात, म्हणजे कचरावेचकांनी जन्मभर घाणीतच हात घालायचे का? प्रश्न रास्त आहे. पुण्यात 2008 पासून ‘स्वच्छ’ या त्यांच्याच सहकारी संस्थेमार्फत कचरावेचक दारातून ओला-सुका वेगळा कचरा घेतात आणि घरटी शुल्क मिळवतात. उकिरड्यावर उकरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की बहुथरी पाकिटांसाठी त्यांना बाहेरच्या पैशातून किलोमागे मोबदला देऊन पाहिला तेव्हा तीच पाकिटं वेगळी निघू लागली. हात तेच, डोळे तेच; किलोची किंमत शून्यावरून हलली एवढंच.

शेवटी जाळी. खोल समुद्रातल्या कचऱ्यात जाळ्यांचा वाटा मोठा आहे, प्रशांत महासागरातल्या कचऱ्याच्या प्रसिद्ध पट्ट्यात वजनाने जवळपास निम्मा, म्हणून दोष कोळ्यांवर ढकलण्याची एक रीत पडली आहे. किनाऱ्याजवळची गोष्ट वेगळी. बोंबलासाठी भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावलेल्या डोल जाळ्याला कोणता जीव आणि कोणती पिशवी हे कळत नाही. ते दोन्ही धरतं. जाळं वर आलं की होडीवरच निवड होते: मासळी इकडे, प्लास्टिक पुन्हा पाण्यात. वाईट वाटतं, पण होडीतली जागा मोजकी, डिझेल महाग आणि बंदरावर ते प्लास्टिक उतरवून घ्यायला कुणी नाही. केरळात कोल्लमजवळच्या शक्तिकुलंगरा आणि नींडकराच्या मच्छीमारांना 2017 मध्ये ‘शुचित्व सागरम्’ योजनेत होडीवर ठेवायला पिशव्या मिळाल्या आणि बंदरावरच प्लास्टिक धुऊन चुरा करायचं यंत्र बसलं. तो चुरा रस्त्याच्या डांबरात मिसळण्यासाठी जाऊ लागला. माणसं मासळीसारखंच ते प्लास्टिक भरून आणू लागली. आपल्या ससून डॉकवर बर्फ आहे, लिलाव आहे, कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या रांगा आहेत, रात्री तीनपासून काट्यावर वजनं होतात. त्याच काट्याच्या शेजारी आणखी एक काटा मांडायला किती जागा लागेल, हे तिथला कुणीही पावलांनी मोजून सांगेल.